सोन्याच्या वर्खापासून शिसपेन्सिलीपर्यंत

१८७९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, एडविन हॉल नावाचा एक विद्यार्थी जर्मन सिल्व्हरच्या तारेचं चपटं वेटोळं घेऊन बसला होता. वयाची चोवीस वर्षं पूर्ण व्हायला त्याला अजून महिनाभर होता. तार अर्ध्या मिलिमीटरची, तिचा रोध सुमारे दोन ओहम. कडक रबराच्या दोन चकत्यांमध्ये ते वेटोळं दाबून त्यानं ते विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये उभं केलं होतं. चुंबक चालू केल्यावर तारेचा रोध वाढतो का, एवढंच त्याला पाहायचं होतं.

हा प्रश्न त्याला पडला तो मॅक्सवेलच्या ग्रंथामुळे. चुंबकाचा जोर तारेवर पडतो, तारेतून वाहणाऱ्या प्रवाहावर पडत नाही, असं मॅक्सवेलनं त्यात लिहिलं होतं. हॉलला ते पटेना. जोर प्रवाहावरच पडत असेल तर प्रवाह तारेच्या एका कडेला ढकलला जाईल, त्याची वाट अरुंद होईल आणि रोध वाढेल, असा त्याचा हिशेब होता. ७ ते ११ ऑक्टोबर या पाच दिवसांत त्यानं निरीक्षणांच्या तेरा मालिका पूर्ण केल्या, प्रत्येक मालिकेत चाळीस नोंदी. दहा लाखांत एका भागाचा फरक पडला असता तरी त्याच्या उपकरणाला तो कळला असता. फरक पडला नाही.

त्याचे गुरू हेन्री रोलंड यांनी पूर्वी थोडा वेगळा प्रयोग करून पाहिला होता. प्रवाह जातो त्या दिशेला आडव्या, समोरासमोरच्या दोन कडांमध्ये विभवांतर तयार होतं का, हे त्यांनी धातूच्या जाड चकतीवर तपासलं होतं आणि हाती काही लागलं नव्हतं. आता तोच प्रयोग सोन्याच्या वर्खावर करायचं ठरलं. आपल्याकडे मिठाईवर लावतात त्या जातीचा अतिपातळ पत्रा काचेच्या पट्टीवर चिकटवून हॉलनं तो चुंबकात ठेवला. २८ ऑक्टोबरला गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला, आणि चुंबक चालू असेपर्यंत हललेलाच राहिला. धातूचा थर जितका पातळ तितकं हे आडवं विभवांतर मोठं, म्हणून जाड चकतीत जे हरवलं होतं ते वर्खात सापडलं. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अठरा वर्षं अवकाश होता. प्रवाह म्हणजे नेमकं काय वाहतं, हे जगात कोणालाच माहीत नव्हतं.

'हॉल परिणाम' पुस्तकात शिकवतात तेव्हा त्या पाच फुकट गेलेल्या दिवसांचा उल्लेख सहसा नसतो, याची मला खंत वाटते. कारण जे सापडलं त्यातच आधी काही का सापडलं नाही याचं उत्तर आहे. चुंबक इलेक्ट्रॉनांना कडेला ढकलतो. कडेला थोडे इलेक्ट्रॉन साचले की त्यांचा विद्युतदाब मागून येणाऱ्यांना उलट ढकलू लागतो. दोन्ही जोर सारखे झाले की पुढचे इलेक्ट्रॉन चुंबक नसल्यासारखे सरळ जातात, आणि रोध होता तसाच राहतो. ज्या आडव्या दाबानं हॉलचं नाव झालं, त्याच दाबानं त्याचा पहिला प्रयोग कोरडा ठेवला होता.

चुंबकानं रोध बदलतो हे तोवर कोणी पाहिलंच नव्हतं असं नाही. ग्लासगोला विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विननी, १८५६-५७ मध्ये लोखंड आणि निकेल यांच्यात तो बदल मोजला होता. पण हे धातू स्वतःच चुंबक होणारे; त्यांची गोष्ट निराळी, आणि बदलही शेकड्यात थोडकाच. खरा चक्रावून टाकणारा पदार्थ निघाला बिस्मथ. हा ठिसूळ, किंचित गुलाबी झाक असलेला धातू चुंबकात नेला की त्याचा रोध इतका वाढतो की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिस्मथच्या तारेची चपटी वेटोळी चुंबकाची ताकद मोजायलाच वापरात आली.

बिस्मथमध्ये वेगळं काय आहे? एक तर त्याचा स्फटिक थरांचा आहे. अणूंचे चुण्या पडलेले पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि त्या पातळीत तो सहज चिरतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्यात प्रवाह वाहणारे कण फार थोडे, लाखभर अणूंमागे एखादा. आणि ते दोन प्रकारचे, दोन्ही सारख्याच संख्येनं. एक इलेक्ट्रॉन, दुसरे 'होल', म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धनभारित कणासारख्या वागतात. चुंबक दोघांनाही एकाच कडेला ढकलतो. तिथे ऋण आणि धन दोन्ही साचतात, हिशेब जवळजवळ शून्य होतो, आणि त्यांना परत सरळ रेषेत आणणारा दाब तयारच होत नाही. मग दोघेही वळत राहतात. खळ्यावर मळणीचा बैल मेढीला बांधला की तो दिवसभर चालतो, पण गावाच्या दिशेनं त्याची प्रगती शून्य. चुंबकीय क्षेत्र वाढेल तसा दोर आखूड होतो. पुढे सरकणं कमी होतं, आणि रोध क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. या गोष्टीत दर वेळी परत यावं लागणारं ठिकाण हे आहे: दोन प्रकारचे कण, तंतोतंत समतोल, आणि त्यांच्या वाटेत आपटायला अशुद्धी जवळजवळ नाही.

१९२१ पासून केंब्रिजला रदरफोर्डच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करणारा रशियन प्योत्र कपित्झा हा अभियंत्याच्या मनाचा माणूस. कायम टिकणारं प्रचंड क्षेत्र निर्माण करायला गेलं तर वेटोळं वितळतं, म्हणून त्यानं सेकंदाचा शंभरावा भाग टिकणारं क्षेत्र करायचं ठरवलं. मोठा डायनॅमो एका क्षणासाठी वेटोळ्यातून शॉर्ट करायचा. त्या धक्क्यानं जमीन हादरायची, म्हणून वेटोळं दालनाच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे वीस मीटर लांब ठेवलेलं होतं. हादरा तिथवर पोचायच्या आत मोजणी उरकलेली असे. अशा तऱ्हेनं ३० टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) मजल मारून १९२८-२९ मध्ये त्यानं बिस्मथ आणि इतर अनेक धातूंचा रोध मोजला. मोठ्या क्षेत्रात रोध वर्गाच्या प्रमाणात वाढत नव्हता, सरळ रेषेत वाढत होता. 'कपित्झाचा रेषीय नियम' म्हणून तो ओळखला जाऊ लागला. त्याचं समाधानकारक कारण त्या काळी कोणाकडेच नव्हतं.

त्याच सुमारास हॉलंडमधल्या लायडनला दुसरा एक रशियन अगदी उलट वाटेनं निघाला होता. लेव्ह शुबनिकोव, जन्म १९०१, पीटर्सबर्गचा. १९२६ मध्ये तो लायडनला आला; त्याची पत्नी ओल्गा त्रापेझ्निकोवा हीही भौतिकशास्त्रज्ञ होती. हेलियम पहिल्यांदा द्रवरूप झाला तो तिथेच, १९०८ मध्ये. द्रवरूप हायड्रोजन आणि हेलियम हाताशी असलेल्या ठिकाणी त्याला काम करायचं होतं. त्याचे मार्गदर्शक वांडर योहान्स द हास हे हेंड्रिक लॉरेंट्झ यांचे जावई. चुंबकातल्या भारित कणावर पडणारा जो जोर आपण वर पाहिला, तो याच लॉरेंट्झच्या नावानं ओळखला जातो.

शुबनिकोवजवळ कपित्झासारखं यंत्र नव्हतं. त्याच्या हातात स्फटिक वाढवण्याची विद्या होती. रशियात असतानाच त्यानं ओब्रेइमोव यांच्याबरोबर वितळलेल्या धातूतून एकसंध स्फटिक सावकाश वाढवायची रीत बसवली होती. लायडनला त्यानं ती बिस्मथवर लावली. धातू वितळवायचा, स्फटिक वाढवायचा, त्याचा रोध मोजून किती शुद्ध झाला ते पाहायचं, आणि पुन्हा वितळवायचा. इतक्या शुद्ध बिस्मथच्या स्फटिकाचा रोध चुंबकीय क्षेत्रात तोवर कोणी मोजला नव्हता. १९३० मध्ये द्रवरूप हायड्रोजनच्या तापमानाला, केवल शून्याच्या वर वीस अंशांच्या आत, शुबनिकोव आणि द हास यांनी क्षेत्र हळूहळू वाढवत नेलं तेव्हा रोध नुसता चढला नाही. तो लाटांसारखा वरखाली होत चढला.

या लाटांचं कारण त्याच वर्षी एका तिसऱ्या रशियनानं कागदावर मांडलं होतं, आणि ते मांडताना तो केंब्रिजला कपित्झाकडेच येऊन राहिला होता. लेव्ह लांडाऊ, वय बावीस. मेढीभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला कुठलंही वर्तुळ चालत नाही, क्वांटम नियम त्याला ठरावीक ऊर्जेच्या पायऱ्यांवरच उभं राहू देतात, असं त्यानं दाखवलं. क्षेत्र वाढलं की पायऱ्यांमधलं अंतर वाढतं, आणि एकेक पायरी इलेक्ट्रॉनांच्या साठ्याच्या काठावरून वर निघून जाते. प्रत्येक वेळी रोधात एक लाट उमटते. लांडाऊला वाटलं होतं की प्रत्यक्षात क्षेत्र कधीच इतकं एकसारखं नसतं, त्यामुळे या लाटा मिटून जातील आणि दिसणार नाहीत. लायडनला काय दिसलं, हे तो लिहिताना त्याला ठाऊक नव्हतं. अपुरं होतं ते क्षेत्र नव्हे, स्फटिक. आणि तो शुबनिकोवनं घडवला होता.

१९३० मध्येच शुबनिकोव सोव्हिएत युक्रेनमधल्या खारकोवला परतला. तिथे त्यानं देशातली पहिली अतिशीत प्रयोगशाळा उभी केली. लांडाऊही खारकोवला आला आणि दोघांची मैत्री जमली. १९३७ च्या ऑगस्टमध्ये शुबनिकोवला अटक झाली आणि १० नोव्हेंबर १९३७ ला गोळी घालून मारण्यात आलं. छत्तीस वर्षांचा होता तो. त्याच्यावरचे आरोप खोटे होते हे सरकारनं मान्य केलं वीस वर्षांनी, १९५७ मध्ये. लांडाऊला १९३८ मध्ये मॉस्कोत पकडलं. कपित्झाला १९३४ पासून सोव्हिएत सरकारनं देशाबाहेर जाऊ दिलेलं नव्हतं; तरी त्यानं वरिष्ठांना पत्रं लिहून, स्वतः हमी देऊन, वर्षभरानं लांडाऊची सुटका करवली. शुबनिकोवसाठी असं काही करायला कोणाला वेळच मिळाला नाही. आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत नव्या पातळ पदार्थाची पहिली परीक्षा म्हणून रोधातल्या या लाटा शोधतात, आणि विद्यार्थी दिवसातून दहा वेळा त्याचं नाव घेतात. त्या नावामागचा माणूस कसा गेला हे त्यांतल्या किती जणांना कोणी सांगितलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

थरांच्या पदार्थांची गोष्ट याच काळात कोलकात्यातही चालू होती. रामन परिणामाच्या शोधात रामन यांचे सहकारी असलेले करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन १९३३ पासून तिथल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत प्राध्यापक होते. क्वार्ट्झच्या बारीक तंतूला स्फटिक टांगायचा आणि चुंबकीय क्षेत्रात तो किती वळतो ते पाहून त्याच्या आतली रचना ओळखायची, ही त्यांची खासियत. ग्रॅफाइटकडे त्यांचं लक्ष गेलं ते यातून. ग्रॅफाइट म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतलं काळं द्रव्य. नावात शिसं असलं तरी आत निव्वळ कार्बन, षटकोनी जाळ्यांचे थर एकावर एक. १९३९ मध्ये कृष्णन आणि त्यांचे सहकारी गांगुली यांनी 'नेचर'मध्ये कळवलं की ग्रॅफाइटच्या थरातून वीज जितक्या सहज जाते, त्याहून थरांना आडवी जाताना तिला हजारो पट अडथळा होतो. इलेक्ट्रॉन आपापल्या थरात मोकळे, पण एका थरातून दुसऱ्यात जायला नाखूष. १९४१ च्या त्यांच्या लेखातही हेच चित्र पुढे नेलेलं आहे. एकच थर सुटा करता आला तर काय होईल, हा प्रश्न त्या आकड्यांत दडलेला होता, पण थर सुटा करायचा कसा हे पुढची साठ वर्षं कोणाला जमलं नाही.

मधल्या काळात सपाट जग मिळालं ते सिलिकॉनच्या चिपमध्ये. १९६६ मध्ये आयबीएमच्या फाउलर, फँग, हॉवर्ड आणि स्टाइल्स यांनी दाखवलं की ट्रान्झिस्टरमध्ये ऑक्साइडच्या खाली सिलिकॉनच्या पृष्ठभागावर जमणारे इलेक्ट्रॉन खरोखरच द्विमितीय असतात. पुरावा होता चुंबकीय क्षेत्रात दिसणाऱ्या शुबनिकोवच्या लाटांचा. चौदा वर्षांनी याच प्रकारचा ट्रान्झिस्टर घेऊन छत्तीस वर्षांचे क्लाऊस फॉन क्लित्सिंग फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या उच्च चुंबकीय क्षेत्र प्रयोगशाळेत आले. नमुने सीमेन्सच्या गेरहार्ड डोर्डा यांच्याकडचे आणि केंब्रिजच्या मायकेल पेपर यांच्याकडचे.

४ आणि ५ फेब्रुवारी १९८० मधली रात्र. तापमान केवल शून्याच्या वर दीड अंश, क्षेत्र अठरा टेस्लाच्या घरात. ट्रान्झिस्टरच्या गेटचा दाब बदलत नेला की थरातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते, आणि जुन्या समजुतीप्रमाणे हॉलचा आडवा रोध अखंड उतरत जायला हवा. कागदावर मात्र पायऱ्या उमटत होत्या. आडवा रोध एका आकड्यावर येऊन सपाट थांबायचा, आणि तो थांबलेला असेपर्यंत प्रवाहाच्या दिशेचा रोध शून्याला टेकायचा. नमुने वेगळे, त्यांचे आकार वेगळे, कारागीर वेगळे, पण सपाटीची उंची तीच. पहाटे दोनच्या सुमारास फॉन क्लित्सिंग यांच्या लक्षात आलं की या उंचीचा नमुन्याशी संबंधच नाही. प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या भाराचा वर्ग, म्हणजे सुमारे २५,८१३ ओहम, आणि त्याला १, २, ३, ४ अशा पूर्णांकांनी भागलेलं. चाराची पायरी ६४५३ ओहमवर होती.

हॉलच्या वर्खात कडेचा दाब आणि वळवणारा जोर एकमेकांना तोलून धरत होते. इथे तो तोल निसर्गाच्या स्थिरांकांवर येऊन बसला. आज हा आकडा २५,८१२.८०७४५ ओहम असा धरला जातो. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा भार हे ठरवून दिलेले आकडे झाल्यामुळे तो आता मोजावा लागत नाही. जगभरच्या मापन संस्था ओहमची खातरजमा याच परिणामानं करतात. फॉन क्लित्सिंग यांना १९८५ चं नोबेल मिळालं. शुद्धतेबद्दल मी वर इतकं बोललो, तेव्हा हेही सांगायला हवं: या सपाट पायऱ्यांना रुंदी येते ती थोड्याशा अशुद्धीमुळेच. इकडेतिकडे अडकून बसलेले इलेक्ट्रॉन संख्येतला चढउतार स्वतःवर घेतात, म्हणून उरलेल्यांचा रोध ढळत नाही. नमुना अगदी निर्दोष असता तर त्या रात्री कागदावर पायऱ्या दिसल्या नसत्या.

पुढे १९८२ मध्ये बेल लॅब्जच्या डॅनियल त्सुई, होर्स्ट श्ट्योर्मर आणि आर्थर गॉसार्ड यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या कितीतरी स्वच्छ थरात पायरी एक-तृतीयांशावर दाखवली, म्हणजे इलेक्ट्रॉन एकट्यानं न वागता जथ्यानं वागतात हे कळलं. राजस्थानातून अमेरिकेला गेलेले जैनेंद्र जैन यांनी १९८९ मध्ये त्या जथ्याचं जे चित्र मांडलं, ते आज या विषयाचा पाया मानलं जातं. १९८८ मध्ये फ्रान्सला आल्बेर फेर यांच्या आणि जर्मनीला पेटर ग्र्युनबर्ग यांच्या गटानं लोखंड आणि क्रोमियमचे काही अणूंच्या जाडीचे थर रचले. शेजारच्या लोखंडी थरांचं चुंबकत्व उलटसुलट असताना रोध जास्त, क्षेत्रानं सगळे एका दिशेला वळवले की कमी. फेर यांच्या नमुन्यात अतिशीत तापमानाला तो जवळजवळ निम्मा झाला. दहा वर्षांच्या आत संगणकांच्या हार्ड डिस्कमधली माहिती याच परिणामानं वाचली जाऊ लागली. माणसांच्या रोजच्या जगण्यात सर्वांत खोल शिरला तो हा शोध. पण ते थर माणसानं धातूची वाफ बसवून रचलेले. निसर्गानं रचलेल्या थरांची पाळी अजून यायची होती.

ती आली मँचेस्टरला. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव यांना ग्रॅफाइट शक्य तितकं पातळ करायचं होतं. घासून पाहिलं, पापुद्रा जाडच राहिला. त्यांचा सहकारी ओलेग श्क्ल्यारेव्हस्की सूक्ष्मदर्शकासाठी ग्रॅफाइट साफ करताना वरचा थर चिकटपट्टीनं उचलून ती पट्टी फेकून देत असे. टाकून दिलेल्या त्या पट्टीवरचे पापुद्रे त्यांनी घासून केलेल्यांपेक्षा किती तरी पातळ होते. पट्टी दुमडायची, उघडायची, पुन्हा दुमडायची. मग ऑक्साइड चढवलेल्या सिलिकॉनवर दाबायची. ठरावीक जाडीच्या ऑक्साइडवर एका अणूच्या जाडीचा थरही साध्या सूक्ष्मदर्शकातून किंचित वेगळ्या रंगात दिसतो. २२ ऑक्टोबर २००४ ला 'सायन्स'मध्ये त्यांचा लेख आला, आणि त्यातही चुंबकीय क्षेत्रातल्या रोधाच्या लाटा होत्या. कृष्णन आणि गांगुलींच्या आकड्यांतला सुटा थर आता हाताशी होता. त्याचं नाव ग्राफीन.

वर्षभरानं, २००५ च्या नोव्हेंबरात, मँचेस्टरचा गट आणि न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठातला फिलिप किम यांचा गट, दोघांचे लेख 'नेचर'च्या एकाच अंकात आले. ग्राफीनमधल्या हॉलच्या पायऱ्या पूर्णांकांवर नव्हत्या. त्या अर्ध्यानं सरकलेल्या होत्या, कारण ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन वस्तुमान नसल्यासारखे धावतात आणि त्यांच्या लांडाऊ-पायऱ्यांमधली एक बरोबर शून्य ऊर्जेवर बसते, निम्मी इलेक्ट्रॉनांची, निम्मी होलांची. त्या पायऱ्यांमधली अंतरं इतकी मोठी की २००७ मध्ये ४५ टेस्लापर्यंतच्या क्षेत्रात हा क्वांटम परिणाम खोलीच्या तापमानालाही दिसला. फॉन क्लित्सिंग यांना द्रवरूप हेलियमशिवाय तो पाहता आला नसता.

शुबनिकोवच्या विद्येचे आजचे वारस कोण, असं मला विचारलं तर मी जपानमधल्या त्सुकुबाकडे बोट दाखवीन. केंजी वातानाबे आणि ताकाशी तानिगुची तिथे प्रचंड दाबाखाली हेक्झागोनल बोरॉन नायट्राइडचे स्फटिक वाढवतात. ग्राफीन या स्फटिकाच्या दोन पापुद्र्यांमध्ये सँडविचसारखं ठेवलं की सिलिकॉनवरचा खडबडीतपणा आणि धूळ त्याला लागत नाही, आणि इलेक्ट्रॉन दूरवर न आपटता जातात. २०१० नंतर जगातल्या बहुतेक चांगल्या नमुन्यांत त्सुकुबाचेच स्फटिक आहेत. मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटानं तीन थरांच्या ग्राफीनवर असंच काम केलं. चुंबकीय क्षेत्रात त्याचा रोध मोजून तीन थरांतले इलेक्ट्रॉन एकमेकांशी कसे वागतात हे त्यांनी २०१७ मध्ये दाखवलं.

बिस्मथची जुनी गोष्ट २०१४ मध्ये प्रिन्स्टनला पुन्हा उभी राहिली. रॉबर्ट कावा यांच्या रसायन प्रयोगशाळेतला मझहर अली हा विद्यार्थी टंगस्टन डायटेल्युराइडचे स्फटिक हाताळत होता. हाही थरांचाच पदार्थ. थरात टंगस्टनच्या अणूंच्या साखळ्या. प्रवाह साखळीच्या दिशेनं सोडायचा आणि क्षेत्र थरांना लंब ठेवायचं. १४.७ टेस्लाला, साडेचार केल्विनला, म्हणजे केवल शून्याच्या वर साडेचार अंशांना, रोधाची वाढ निघाली ४,५२,७०० टक्के. ६० टेस्लाच्या क्षणिक क्षेत्रात आणि अर्ध्या केल्विनला ती एक कोटी तीस लाख टक्क्यांवर गेली, आणि तिथेही थांबायचं चिन्ह दिसेना. कारण तेच, हॉलच्या वेटोळ्यात नसलेलं आणि बिस्मथमध्ये असलेलं: इलेक्ट्रॉन आणि होल जवळजवळ सारख्या संख्येनं, कडेला कुठलाच दाब साचत नाही, बैल मेढीभोवती फिरतच राहतो. क्षेत्राची दिशा थरांच्या पातळीत वळवली की परिणाम ओसरतो.

क्रोमियम आयोडाइडचे थर उलट वागतात. त्यांचा रोध चुंबकानं घटतो. हवा लागली की खराब होणाऱ्या या स्फटिकाचा एकच थरही ४५ केल्विनखाली चुंबक राहतो, हे २०१७ मध्ये कळलं. वर्षभरानं सिएटलच्या गटानं त्याचे चार थर ग्राफीनच्या दोन पापुद्र्यांमध्ये ठेवून प्रवाह आरपार पाठवला. शेजारचे थर आपोआपच उलटसुलट चुंबकित असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनना पार जाणं अवघड. क्षेत्रानं सगळे एका दिशेला वळवले की वाट मोकळी होते. रोधातला फरक १९,००० टक्के. फेर आणि ग्र्युनबर्ग यांनी धातूच्या वाफेतून जे थर बसवले होते, तसे इथे स्फटिकानंच रचून ठेवलेले होते.

सुट्या थरांच्या या अलीकडच्या प्रयोगांना अतिशीत तापमान लागलं किंवा प्रचंड चुंबक. २०२३ मध्ये मँचेस्टरहून गाइम यांच्या गटाचा आणखी एक लेख आला. बोरॉन नायट्राइडमध्ये जपलेला ग्राफीनचा एकच थर, गेटचा दाब असा नेमका की आत इलेक्ट्रॉन आणि होल बरोबरीनं. तापमान खोलीतलंच. क्षेत्र ०.१ टेस्ला, लाउडस्पीकरच्या चुंबकाजवळ मिळतं त्या घरातलं. रोध दुपटीहून जास्त झाला. आणि काही टेस्लाच्या पुढे क्षेत्र नेलं तेव्हा तो कपित्झानं सेकंदाच्या शंभराव्या भागात, हादरा पोचायच्या आत टिपला होता तसाच, सरळ रेषेत चढू लागला. ती रेष सरळ का येते, यावर पुन्हा वाद सुरू झाले आहेत.